चिमणीची ओल, गंज आणि उलटा येणारा धूर : समुद्रकाठच्या घरात तेच दुखणं पुन्हा का उद्भवतं

आधी एक खुलासा. इथे चिमणी म्हणजे ओट्यावरची विजेची चिमणी नव्हे. फायरप्लेस, लाकडाचा स्टोव्ह किंवा गॅस-तेलावरचा बॉयलर यांचा धूर छपराबाहेर नेणारी विटांची किंवा पोलादी चिमणी, तिच्याबद्दल हे लिहिलं आहे.

समुद्राजवळच्या घरात तक्रार साधारण अशी असते. खोलीत पुढे आलेल्या चिमणीच्या भिंतीवर पिवळट-तपकिरी डाग पडतो. कोणीतरी छपरावर चढून सांध्यात सीलंट भरतं, आत भिंत खरवडून रंग दिला जातो. हवा पुन्हा दमट झाली की डाग त्याच जागी हजर, आणि या वेळी रंगाचे पोपडेही सुटलेले. वरची टोपी गंजली म्हणून बदलली तर नवीही भराभर तांबूस पडते. धूर महिनाभर नीट जातो आणि मग एखाद्या दुपारी खोलीत भरतो. ओलीसाठी रंगारी, टोपीसाठी पत्राकाम करणारा आणि धुरासाठी काजळी काढणारा, अशी तीन माणसं येऊन जातात. प्रत्येक जण आपापलं काम चोख करतो, तरी दुखणं जात नाही. कारण यातल्या बऱ्याचशा तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट असते, ती म्हणजे मीठ. पाणी सुकून जातं, मीठ तिथेच राहतं, आणि नेहमीच्या वार्षिक तपासणीत ते कोणी शोधत नाही.

चिमणी ताबडतोब बंद कधी ठेवायची

ओल महिनाभर थांबू शकते, पुढच्या गोष्टी थांबू शकत नाहीत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला, किंवा आग पेटलेली असताना घरातल्या एकापेक्षा जास्त माणसांचं डोकं दुखू लागलं, मळमळलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर सगळ्यांनी आधी बाहेर पडायचं आणि आपत्कालीन सेवेला फोन करायचा. या वायूला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून तो नाही असं समजू नका, गॅसचा बॉयलर तर धुराशिवायच हा वायू सोडू शकतो. आणखी एक गैरसमज असतो. अलार्म कमी प्रमाणाला लगेच वाजत नाही, तो तसाच बनवलेला असतो. यूएल २०३४ या अमेरिकी मानकानुसार ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे ७० भाग) तो १ ते ४ तासांत, १५० ला १० ते ५० मिनिटांत आणि ४०० ला ४ ते १५ मिनिटांत वाजला पाहिजे. म्हणजे वाजला तेव्हा वायू एक तर बराच वेळ घरात आहे किंवा त्याचं प्रमाण जास्त आहे. यंत्राच्या मागच्या बाजूला मुदत छापलेली असते, ती संपली असेल तर बटण दाबून येणाऱ्या आवाजावर विसंबू नका. बटणाने बॅटरी आणि भोंगा तपासला जातो, आतला संवेदक नव्हे.

चिमणीतून जोराची घरघर ऐकू आली, वरून ठिणग्या उडाल्या किंवा भिंत हाताला भाजण्याइतकी तापली, तर आत काजळी पेटली आहे. स्टोव्हची हवा बंद करा, घर रिकामं करा, अग्निशमन दलाला बोलवा. वरून पाणी ओतू नका, तापलेली नळी, म्हणजे चिमणीच्या आतली धूर नेणारी वाट, त्याने तडकते. आग विझल्यावर सगळं ठीक दिसलं तरी कॅमेऱ्याने तपासणी होईपर्यंत पुन्हा पेटवायचं नाही. फायरप्लेसच्या राखेत मातीच्या नळीचे पातळ, एका बाजूने काळे तुकडे सापडले तर तेही थांबायचंच लक्षण आहे, कारण ते आतल्या अस्तरातूनच पडलेले असतात.

मीठ नेमकं काय करतं

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार असतात. चिमणी हा घराचा सर्वांत उंच, चारही बाजूंनी उघडा भाग, त्यामुळे ती ते सगळं झेलते. विटेच्या छिद्रांत शिरलेलं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. आर्द्रता उतरली की पुन्हा त्याचे स्फटिक बनतात. किनाऱ्यावर आर्द्रता हा आकडा पुन्हापुन्हा ओलांडते, कित्येकदा एकाच दिवसात. प्रत्येक वेळी छिद्रात वाढणारा स्फटिक विटेला आतून रेटतो. आधी पांढरी भुकटी दिसते, ज्याला आपण लोणा म्हणतो, मग विटेचा दर्शनी भाग खपलीसारखा सुटतो आणि सांध्यातला मसाला नखाने उकरता येईल इतका भुसभुशीत होतो.

आता डागाचं कोडं सुटतं. भिंतीत मीठ असेल तर डाग ओला व्हायला गळतीची गरजच नाही, दमट हवा पुरते. छपराची गळती खरोखर थांबवलेली असूनही डाग परत येतो आणि मालक छपरावर काम करणाऱ्याशी भांडतो. कधी दोघंही बरोबर असतात.

सगळा दोष समुद्रावरही टाकू नये. वर्षानुवर्षं कोळसा किंवा लाकूड जाळलेल्या जुन्या चिमणीत धुरातले क्लोराइड, नायट्रेट आणि सल्फेट आतल्या बाजूने विटेत मुरलेले असतात आणि तेही पाणी ओढतात. मीठ बाहेरून आलं की आतून, हे ठरवणं महत्त्वाचं, कारण दोन्हींची दुरुस्ती वेगळी आहे.

डाग कधी ओला होतो ते लिहून ठेवा

तपासनीस बोलावण्याआधी दोन-तीन आठवडे एक साधी नोंद ठेवली तर अर्धं निदान घरीच होतं. तारीख, पाऊस होता की नाही, वारा कुठून, आग पेटवली होती का, डाग ओला की कोरडा, एवढंच.

पाऊस पडल्यावर काही तासांत डाग गडद होतो आणि तो छताच्या कडेला, चिमणी छपरातून बाहेर पडते त्या पातळीवर असेल, तर संशय फ्लॅशिंगवर, म्हणजे छप्पर आणि चिमणी यांच्या सांध्यावर बसवलेल्या पत्र्यावर. फक्त वाऱ्याच्या पावसात आणि एकाच बाजूला ओल येते तेव्हा विटा किंवा त्यांचे सांधे पाणी पितात. पाऊस नसताना, नुसत्या दमट हवेत डाग उमटतो आणि त्याच्या कडेला पांढरी रेघ असते, ते मीठ. आग पेटवल्यानंतर डाग येतो, रंग चहासारखा तपकिरी आणि वास डांबरासारखा, तर नळीच्या आत वाफ थंड होऊन काजळीचं पाणी सांध्यातून झिरपतं आहे. हा शेवटचा प्रकार सर्वांत धोक्याचा. जिथून पाणी बाहेर येतं तिथून वायूही येऊ शकतो.

बॉयलर गॅसचा आहे, त्यात काजळी होत नाही, म्हणून चिमणी तपासायची गरज नाही असं पुष्कळांना वाटतं. १ घनमीटर नैसर्गिक गॅस जळला की सुमारे दीड किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. चिमणी मुळात फायरप्लेससाठी बांधलेली, म्हणजे रुंद असेल, आणि तिला आता छोटा बॉयलर जोडला असेल, तर ही वाफ वर पोचण्याआधीच थंड होते. ते पाणी आम्लधर्मी असतं. एका बाजूने खारं, दुसऱ्या बाजूने आंबट पाणी, अशा कात्रीत सांधे लवकर जातात.

ओल मोजण्याच्या यंत्राचा धोका

दोन टोकं भिंतीत टोचून ओल दाखवणारं यंत्र विजेच्या वहनावर चालतं. मिठाने वहन वाढतं. खारट भिंत जवळजवळ कोरडी असली तरी हे यंत्र भरमसाठ आकडा दाखवतं. ते लाकडासाठी उपयोगाचं आहे, समुद्रकाठच्या विटेसाठी त्याच्या एकट्याच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. तपासनिसाने नुसतं ते यंत्र टेकवून "भिंत पूर्ण ओली आहे" असं सांगितलं तर पुढचा प्रश्न विचारायचा : नमुना घेतला का?

नमुना घ्यायचा तो असा. हळू फिरणाऱ्या ड्रिलने भोक पाडून त्याची भुकटी वेगवेगळ्या खोलीवरून, उदाहरणार्थ ०–१० मिमी, १०–३० मिमी आणि ३०–८० मिमी, वेगवेगळ्या बंद डबीत घ्यायची. ड्रिल जोरात फिरवलं तर उष्णतेने ओल उडून जाते. एका भागाची ओल कार्बाइड चाचणीने (ओलीशी कार्बाइडची क्रिया होऊन निघणाऱ्या वायूचा दाब मोजून) किंवा वजन करून, वाळवून, पुन्हा वजन करून काढता येते. दुसरा भाग ऊर्ध्वपातित पाण्यात हलवून गाळायचा, थोडं नायट्रिक आम्ल घालायचं आणि सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडायचे. पांढरा दुधाळ साका बसला की क्लोराइड आहे. इथे नळाचं पाणी वापरलं तर चाचणी वाया जाते, त्यात क्लोराइड असतंच. ही रसायनं कातडीला घातक आहेत, काम तपासनिसाचं, घरी करून पाहायचं नाही.

मीठ बाहेरच्या पृष्ठभागाकडे आणि समुद्राच्या बाजूला जास्त सापडलं तर ते वाऱ्याने आणलेलं. नळीकडे सरकत जावं तसं वाढत गेलं, त्यात नायट्रेटही निघालं, तर धुराचं.

पाण्याची चाचणी

गळतीचा मार्ग शोधायला बागेचा पाइप पुरतो. एक माणूस बाहेर, एक आत माळ्यावर विजेरी घेऊन, आणि दोघांमध्ये फोन. नियम एकच, पाणी खालून वर न्यायचं. वरून सुरुवात केली की पाणी सगळीकडून ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही.

१. चिमणीच्या पायथ्याशी, फ्लॅशिंगच्या खालच्या छपरावर १० ते १५ मिनिटं साधी धार सोडा. जोराचा फवारा नको, तो कौलाखालीही पाणी घुसवतो.
२. आत काही नाही दिसलं तर धार फ्लॅशिंगवर, एका वेळी एकाच बाजूला.
३. मग विटांवर, पुन्हा एकेक बाजू. धार पडताच वीट गडद होऊन पाणी पिऊ लागली तर तेवढ्यानेच कळतं.
४. शेवटी माथ्यावरची काँक्रीटची पाटी.

आतला माणूस ओलावा दिसल्याची वेळ सांगेल तिथे थांबायचं. छपरावर चढण्याचं काम ज्याच्याकडे दोर आणि पट्टा आहे त्यानेच करावं. समुद्रकाठच्या कौलांवर शेवाळ आणि खार यांचा निसरडा थर असतो.

तपासणी कुठल्या पातळीची हवी

अमेरिकेतल्या एनएफपीए २११ या मानकात चिमणीच्या तपासणीच्या तीन पातळ्या सांगितल्या आहेत आणि इतरत्रही काम समजून घ्यायला त्या उपयोगी पडतात. पहिल्या पातळीत सहज दिसेल तेवढंच, काहीही न उघडता पाहतात. दुसरीत माळा, तळघर आणि नळीची आतली बाजू कॅमेऱ्याने पाहतात. घर विकताना, इंधन किंवा उपकरण बदलताना, चिमणीत आग लागल्यावर, वादळ किंवा भूकंपानंतर ही पातळी लागते. तिसरीत भिंतीचा किंवा माथ्याचा भाग काढून पाहावं लागतं, आणि दुसरीत तसा ठोस संशय आला तरच ती करायची.

वर्षातून एकदा पहिली पातळी हा सर्वसाधारण नियम ठीक आहे. पण तीच तक्रार दुसऱ्यांदा आली असेल तर पुन्हा पहिल्या पातळीची तपासणी करणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. खाली उभं राहून विजेरी मारल्यावर पहिलं वळण दिसतं, त्याच्या वरचं काही नाही. मातीच्या नळीचे तुकडे साधारण ६० सेंमी लांबीचे, एकावर एक रचलेले असतात. दोष त्यांच्या सांध्यांत असतो : मसाला झडलेला, दोन तुकडे एकमेकांवरून सरकलेले, किंवा आगीने पडलेली उभी चीर. कॅमेरा प्रत्येक सांध्यापाशी थांबवून चारही बाजूंनी फिरवायला सांगा, आणि चित्रफितीत खोलीचा आकडा दिसायला हवा. "वरून साडेतीन मीटरवर, समुद्राच्या बाजूला, सांधा उघडा" असं लिहिलेलं असेल तर दुरुस्ती करणारा नेमका तिथे पोचतो. "नळी खराब आहे" एवढ्यावर कोणी संपूर्ण अस्तर बदलायला सांगत असेल तर चित्रफीत मागा.

माळ्यावर दुसरं पाहायचं ते लाकूड आणि चिमणी यांतलं अंतर. त्याच मानकात घराच्या आतून जाणाऱ्या विटांच्या चिमणीला किमान ५० मिमी आणि बाहेरच्या भिंतीवरच्या चिमणीला २५ मिमी मोकळी जागा सांगितली आहे. ओल अडवायला म्हणून कोणी या फटीत फोम किंवा लाकडी पट्टी कोंबलेली दिसते. ओलीचा उपाय तिथे आगीचं कारण होऊन बसतो.

माथा, पाटी आणि फ्लॅशिंग

माथ्यावरची पाटी नुसता मसाला थापून केलेली असेल तर ती तडकणारच. नीट केलेली पाटी काँक्रीटची, कडेला निदान ५० मिमी जाड, बाहेरच्या बाजूला उतार असलेली आणि विटांच्या पुढे सुमारे ५० मिमी आलेली असते. पुढे आलेल्या भागाच्या खाली एक खाच हवी, पागोळी तिथेच तुटून खाली पडावी म्हणून. खाच नसेल तर पाणी पाटीच्या पोटाला धरून परत विटेवर येतं, आणि ती वरची दोन-तीन विटांची रांग आधी खपल्या टाकते. नळी तापली की लांबते, पाटी लांबत नाही, म्हणून दोघांमध्ये लवचीक सांधा लागतो. तिथे काँक्रीट थेट नळीला चिकटवलेलं असेल तर पाटीवर नळीपासून कोपऱ्याकडे जाणारी चीर दिसते. ही चीर सीलंटने बुजवली की पुढच्या हंगामात तिच्या शेजारी दुसरी पडते.

फ्लॅशिंग दोन थरांचं असतं. खालचा थर छपराबरोबर पायऱ्यापायऱ्यांनी चढतो आणि वरचा थर विटेच्या सांध्यात सुमारे २५ मिमी खोचून खालच्यावर झाकण घालतो. खोचण्याऐवजी पत्रा विटेवर टेकवून सीलंटची रेघ मारलेली असेल तर गळती पुन्हा होणार हे धरून चाला. ॲल्युमिनियमचा पत्रा ओल्या सिमेंटच्या अल्कलीने खराब होतो, त्यात क्लोराइड आलं की भोकं पडायला वेळ लागत नाही. उतरत्या छपरावर चिमणीची रुंदी ७६ सेंमीपेक्षा जास्त असेल तर तिच्या वरच्या बाजूला पाणी दोन्हीकडे वळवणारा छोटा उंचवटा हवा. नसेल तर तिथे पानं, वाळू आणि खार साचून कायमचं ओलं बोचकं बसून राहतं.

पोलादी चिमणी लाकडी चौकटीच्या बॉक्समधून वर गेली असेल तर त्या बॉक्सचं पत्र्याचं झाकण पाहा. जस्त चढवलेला सपाट पत्रा मध्ये बसतो, पाणी साचतं, आणि गंज मधूनच खायला लागतो. बदलताना मध्ये किंचित उंच, चारही कडांकडे उतार असलेलं झाकण घ्या. मात्र हवेने थंड राहणाऱ्या चिमणीच्या कॉलरखालच्या, म्हणजे नळीभोवती बसवलेल्या पत्र्याच्या कड्याखालच्या फटी सीलंटने बुजवू नका, त्या फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात.

धातू : ३०४, ३१६ आणि चार स्क्रू

"स्टेनलेस आहे, गंजणार नाही" हे वाक्य किनाऱ्यावर चालत नाही. ३१६ प्रतीच्या पोलादात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ३०४ मध्ये नसतं, आणि क्लोराइडच्या खड्ड्यांपासून वाचवतं ते मॉलिब्डेनम. टोपी, जाळी, वरचा डॅम्पर (नळी उघडणारी-बंद करणारी झडप), पट्टे यांसाठी ३१६ मागा. लोहचुंबकाने एवढंच कळतं की तो चांगला चिकटला तर पोलाद ४३० सारख्या हलक्या प्रतीचं असण्याची शक्यता आहे. ३०४ आणि ३१६ मधला फरक चुंबक सांगत नाही, त्यासाठी मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या थेंबांची चाचणी मिळते.

टोपी तपासताना सगळे वरची बाजू पाहतात. तिथलं मीठ पाऊस धुऊन नेतो. गंज लागतो तो खालच्या बाजूला, जिथे पाऊस पोचत नाही आणि मीठ साठतं. म्हणून खालून आरशाने पाहायचं. नुसती तांबूस झाक असेल तर गोड्या पाण्याने आणि मऊ कपड्याने धुऊन जाते. नखाला लागणारे खड्डे असतील तर टोपी बदलायची.

आणि स्क्रू. ३१६ ची महागडी टोपी जस्त चढवलेल्या साध्या स्क्रूंनी बसवलेली दिसते. दोन वेगळे धातू, मध्ये खारं पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच झाली. त्यात जस्त झिजतं, आणि मोठ्या स्टेनलेस पृष्ठभागापुढे चार छोटे स्क्रू असल्यामुळे फार लवकर झिजतं. टोपी चकचकीत राहते, स्क्रूंचं पीठ होतं, आणि पहिल्या वादळात टोपी अंगणात. स्क्रूही ३१६ चेच हवेत.

काजळी काढताना स्टेनलेस लायनरमध्ये, म्हणजे चिमणीच्या आत बसवलेल्या पोलादी अस्तराच्या नळीत, लोखंडी तारेचा ब्रश घालू देऊ नका. लोखंडाचे कण लायनरला चिकटतात आणि त्या प्रत्येक कणापाशी गंजाचा ठिपका उठतो. प्लास्टिकच्या केसांचा ब्रश वापरायचा.

धूर उलटा कधी येतो, त्यावरून कारण

फक्त पेटवताना पहिली काही मिनिटं धूर आत येत असेल तर नळी गार आहे, विशेषतः चिमणी बाहेरच्या भिंतीवर असली की. एक कागद चुरगाळून डॅम्परजवळ जाळला की गार हवेचा खांब हलतो आणि ओढ सुरू होते.

स्वयंपाकघराचा किंवा न्हाणीघराचा पंखा लावल्यावर धूर येतो, तेव्हा घराला हवा कमी पडते आहे. लाकडाच्या स्टोव्हला साधारण १२ पास्कल इतकीच ओढ लागते, पंखा तेवढी सहज उलटवतो. खिडकी बोटभर उघडून पाहा. धूर थांबला तर चिमणीला दोष नाही, बाहेरून हवा आणणारी वेगळी वाट करायला हवी.

दुपारी येतो आणि रात्री येत नाही, किंवा याच्या उलट, हे खास किनाऱ्याचं. दुपारी खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे, रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे. चिमणीच्या एका अंगाला उंच छप्पर, झाड किंवा शेजारची इमारत असेल तर त्या दिशेच्या वाऱ्यात हवा चिमणीच्या तोंडावर कोसळते. आधी उंची मोजा : छपरातून जिथे बाहेर पडते तिथून किमान ३ फूट, आणि आजूबाजूच्या १० फुटांच्या आत जे काही असेल त्याच्यापेक्षा किमान २ फूट वर. उंची पुरेशी असूनही त्रास असेल तर वारा अडवणारी टोपी. ती फिरती नको, खार बसून बेअरिंग अडकलं की फिरती टोपी वाऱ्याकडे तोंड करूनच उभी राहते.

सगळ्या वेळी आणि हळूहळू वाढत धूर येत असेल तर वाट बुजते आहे. ठिणग्या अडवणाऱ्या जाळीची भोकं १० ते १३ मिमीची असतात. खारट ओल आणि काजळी मिळून त्यावर पापुद्रा धरतात. वरची जाळी बुजली आणि आत ब्रश फिरवला, असं काम पुष्कळदा होतं. काजळी काढायला येणाऱ्याला जाळी उतरवून धुवायला स्पष्ट सांगा.

काजळीचा थर ३ मिमी झाला की साफ करायचा. काचेसारखा चकचकीत, टणक थर असेल तर कितीही पातळ असो, वापर थांबवायचा. तो ब्रशने निघत नाही. लाकडात ओल २० टक्क्यांच्या आत हवी. आणि किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूड जाळू नका, कितीही वाळलेलं असलं तरी. ते समुद्राच्या पाण्यात मुरलेलं असतं, जळताना त्यातलं क्लोराइड थेट लायनरच्या अंगावर जातं, आणि मग ३१६ चाही टिकाव लागत नाही. स्टोव्ह आणि लायनरच्या अनेक हमीपत्रांत असं लाकूड वर्ज्य असतं, ती ओळ वाचून घ्या.

दुरुस्तीत हमखास होणाऱ्या चुका

क्रम चुकला की बाकी सगळं फुकट. आधी वरून येणारं पाणी थांबवायचं, मग सांधे, मग भिंत सुकू द्यायची, आणि आतला रंग सर्वांत शेवटी. बहुतेक ठिकाणी हे नेमकं उलट्या क्रमाने होतं.

जुन्या, चुन्यात बांधलेल्या मऊ विटांचे सांधे (दर्जा) कडक सिमेंटने भरू नयेत. ओल सांध्यातून बाहेर पडायची ती विटेतून पडू लागते, मीठही तिथेच जमतं, आणि सांधे शाबूत राहून विटा खचतात. मसाला विटेपेक्षा मऊच हवा. जुना मसाला निदान २० ते २५ मिमी आत काढून मग भरायचा, वरवर लेप द्यायचा नाही.

बाहेरून तैलरंग, पारदर्शक वार्निश किंवा रबरी लेप लावणं सर्वांत वाईट. पाणी आत अडकतं आणि स्फटिक लेपाच्या मागे वाढतात. वाफ बाहेर जाऊ देणारं सायलेन-सायलोक्सेन जातीचं जलरोधक चालतं, पण तेही विटांत मीठ कमी असेल, सांधे नीट असतील आणि भिंत सुकलेली असेल तरच. मिठाने भरलेल्या विटेवर तेही खपल्या पाडतं. म्हणूनच आधी नमुना घ्यायचा.

आतल्या बाजूला डागाच्या कडेपासून सुमारे ३० सेंमी पुढेपर्यंत जुना गिलावा काढा, मीठ त्यातच साठलेलं असतं. उघड्या विटा कोरड्या ब्रशने झाडा, झाडलेली भुकटी उचलून फेका आणि विटा धुवू नका, धुतलं की मीठ पुन्हा आत जातं. नवा गिलावा चुन्याचा किंवा मिठासाठी बनवलेला सच्छिद्र, जिप्समचा नको. प्लास्टिकची उठावदार शीट लावून मीठ झाकायचा पर्याय सुचवला जातो. चिमणी कायमची बंद असेल तर तो चालेल, वापरात असेल तर तापणाऱ्या भिंतीवर प्लास्टिक नको.

वापरात नसलेली चिमणी वरून-खालून घट्ट बंद करणं हीही नेहमीची चूक. आत अडकलेली दमट हवा गार विटेवर पाणी सोडते आणि जुन्या काजळीतलं मीठ जागं होतं. वर पाऊस अडवणारी पण हवा जाऊ देणारी टोपी आणि खाली भिंतीत जाळीचं छोटं भोक, दोन्ही लागतात.

तपासणी कधी, अहवालात काय

बहुतेक जण थंडीच्या तोंडावर बोलावतात. किनाऱ्यावर मात्र काजळी हंगाम संपताच काढलेली बरी. काजळी दमट हवेतलं पाणी शोषते, आम्लधर्मी चिखल होते आणि पुढचे कित्येक महिने लायनर आणि लोखंडी डॅम्पर खात बसते. मोठं वादळ झालं तर वेळापत्रक बाजूला ठेवून माथा आणि फ्लॅशिंग पाहून घ्या.

अहवालात मीटरमधल्या खोलीसह कॅमेऱ्याची चित्रफीत, चिमणीच्या चारही बाजूंचे वेगवेगळे फोटो, टोपीच्या खालच्या बाजूचा फोटो, धातूची प्रत, काजळीची जाडी मिलिमीटरमध्ये, लाकडापासूनचं अंतर आणि नमुना घेतला असेल तर त्याचा निकाल एवढं असावं. "वापरण्यास योग्य" आणि "दुरुस्तीनंतर वापरा" यांतलं एक स्पष्ट लिहिलेलं हवं. मोघम "देखभाल आवश्यक" हे उत्तर नव्हे.

दुरुस्तीनंतर लगेच रंग देण्याची घाई होते. भिजलेली वीट सुकायचा ढोबळ हिशोब महिन्याला एक इंच, आणि समुद्राच्या हवेत त्याहूनही सावकाश. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून शेजारी तारीख लिहा, महिन्या-महिन्याने फोटो घ्या. रेघेच्या बाहेर डाग गेला तर पाणी अजून येतं आहे, परत पाइप घेऊन छपराकडे. रेघेच्या आतच, फक्त दमट दिवशी गडद होत असेल तर उरलं आहे ते मीठ, आणि छपरावर काम केलेल्या माणसाला पुन्हा फोन करायची गरज नाही.